खांद्याखालून टाकलेला चेंडू

बाई, आज साउथहॅम्प्टनला आमच्या हॉस्पिटलमधला सहा फुटी हाडांचा डॉक्टर माझ्या चेंडूवर बॅट फिरवून स्वतःभोवतीच गरकन फिरला आणि गवतात बसला! चहा समोर गार होतोय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरीही.

तुम्ही आमच्या शाळेच्या खेळाच्या बाई, पण आधी आठवतं ते तुमचं अमरावतीचं स्वयंपाकघर. शाळेचा उसवलेला बेसबॉल तुम्ही मेणाच्या दोऱ्याने शिवताय, तव्यावर भाकरी फुगतेय आणि गोष्ट चाललीय त्या अमेरिकन पिचरची, चेंडू टाकणाऱ्याची. बेसबॉल खेळून पोट भरणाऱ्या अगदी पहिल्या लोकांतला तो. तेव्हा चेंडू खांद्याखालूनच टाकायचा नियम होता. संघाचा प्रत्येक सामना तो एकटा टाकायचा, सगळी जादू मनगटात. मग नियम बदलला, खांद्यावरून फेकणारी दांडगी पोरं आली. "मग त्याचं काय झालं, बाई?" मी विचारते. "आधी भाकर खाय. मनगट पक्कं झालं का सांगीन." आणि मैदानावर रोज तोच ओरडा, "खांदा कायले लावतं वं? मनगट!" माझं मनगट पक्कं होईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत, गोष्ट अर्धीच राहिली.

गोष्टीचा शेवट मला गेल्या महिन्यात इथल्या लायब्ररीत सापडला, बाई! खांद्यावरून फेकायला तो तयारच झाला नाही. उलट त्याने चेंडू आणखी हळू केला. वेगाला सरावलेले बॅटर घाईने बॅट फिरवायचे आणि फसायचे. तसा तो अजून काही वर्षं टिकला, मग अंपायर झाला.

आज आमच्या दोन वॉर्डांचा बेसबॉलचा सामना होता, कुणाला लागू नये म्हणून चेंडू खांद्याखालूनच टाकायचा. शेवटी समोर तो डॉक्टर. माझे दोन चेंडू त्याने थेट झाडांत भिरकावले, रेषेबाहेर गेले म्हणून वाचलो. ते दोन स्ट्राइक. तिसरा त्याला हुकला तर तो बाद आणि आम्ही जिंकणार, बॅटीला बसला तर हरणार. आमचा कॅप्टन, पुण्याचा पोरगा, धावत आला.

"ताई, आता बस करा ना प्लीज. कोणीतरी फास्ट टाकणारा आणतो."

"अरे, एवढा एक दे मला."

"आणि मारला तर?"

"तर सगळ्या टीमला पुरणपोळ्या."

"जिंकलो तरी पाहिजेत हां!" म्हणत तो मागे गेला.

मी चेंडूची शिवण बोटांनी चाचपते. मनगट सैल सोडते. चेंडू इतका आळसावून निघतो की डॉक्टरची बॅट आधी फिरून जाते, चेंडू मागून निवांत पोचतो. मी चाळिशी उलटलेली बाई, मैदानभर उड्या मारत सुटले!

आता हे पत्र तुमच्या जुन्या पत्त्यावरसुद्धा पाठवणार नाही. कारण ते झाडांत गेलेले दोन चेंडू मी खांद्याखालूनच, पण मनगट विसरून खांदा लावून टाकले होते. खांदा ठणकतोय. तुम्ही एका ओळीत ओळखलं असतं.