सूचीत नसलेलं चाक

बीड, मंगळवार, दिवेलागण

अजून राग उतरत नाही. भाड्याने देतो ती माझी मोटार एका दातेरी चाकासाठी पंधरवडाभर उभी होती. सुट्या भागांच्या दुकानदाराच्या सूचीत आधीच्या मॉडेलचं चाक आहे, नंतरच्याचं आहे, मधल्या माझ्या गाडीचंच नाही. "किताबात न्हाई म्हंजे चाकच न्हाई," एवढंच त्याचं पालुपद. परवा गेवराईहून एका बापाचा निरोप आला, "लेक अडलीय, मोटार धाडा." कुठून धाडू? पोरीला बैलगाडीतून दवाखान्यात आणलं. ती वाचली, मूल गेलं.

आज हट्टाने त्याच्याच दुकानातलं आधीच्या मॉडेलचं चाक आणून बसवलं. चपखल बसलं. म्हणजे इतके दिवस ते त्याच्या फळीवरच होतं. जाब विचारला तर शांतपणे म्हणतो, "लिवून घेतो मालक, पुढल्या किताबात येईल."

हे त्या बापाला कोणत्या तोंडाने सांगू?