चिखल्याची हाक

१२ एप्रिल २०२५
पोचलो एकदाचा! सिरोंच्याच्या अलीकडच्या या गावात, आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून मी बदली मागून घेतली तेव्हा ऑफिसात सगळ्यांना वेडा वाटलो. त्यांना काय सांगू, की 'चिखल्या'चं शूटिंग इथल्याच बोडीत, म्हणजे गावतळ्यात झालं होतं! लहानपणी श्रीरामपूरच्या व्हिडिओ सेंटरमध्ये तो चिखलातून उठणारा राक्षस पाहिला, तेव्हापासून त्याचं मिळेल ते जमवत आलोय. देवरावभाऊंनी त्यांच्याच घरातल्या दोन खोल्या दिल्यात. कपडे बॅगेतच आहेत. फळीवर आधी पोस्टर, रबरी पंजा आणि कॅसेट मांडली. या सिनेमाची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. चिखल्याची आरोळी, 'बूऽऽरीऽऽ', माझ्या मोबाईलची रिंगटोन आहे. आम्ही पोरं गल्लीभर तशीच ओरडत हिंडायचो.

१५ एप्रिल
भाऊंनी बोडी दाखवली. पाणी आटून मधोमध काळा चिखल उरलाय. त्यांच्या माळ्यावर सिनेमावाल्यांनी टाकून दिलेला चिखल्याचा जादा मुखवटा निघाला. एक कान उंदरांनी कुरतडलाय, बाकी शाबूत. मी तो छातीशी धरला तसे भाऊ पोट धरून हसले. फोटो टाकलाय, आमच्या 'चिखल्या'वेड्यांच्या ग्रुपवरचे कोल्हापूर, इंदूरचे लोक जळून खाक झाले असतील.

१८ एप्रिल
गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला म्हाताऱ्या बुधरीबाई रांगेत होत्या. माझा फोन वाजला. त्यांनी चटकन मागे वळून "ओ" दिली. मग रांग सोडून बाहेर गेल्या, पडवीत इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या. लोक हसले. मीही हसलो.

१९ एप्रिल
भाऊंना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. बुधरीबाईंचा नवरा कोलू सिनेमावाल्यांकडे कामाला होता. राक्षसाचा पोशाख घालून चिखलात उतरायचं काम त्याचंच. शेवटच्या दिवशी तो परतला नाही. काम टाकून गोदावरीपलीकडे पळाला, असं सिनेमावाल्यांनी सांगितलं आणि तंबू गुंडाळून गेले. बाईंनी दुसरं लग्न केलं नाही.

संध्याकाळी कॅसेट लावली. शेवटी चिखल्या बुडतो. हात वर येतात, जातात, पुन्हा येतात. माझा सगळ्यात आवडता प्रसंग. यावर मी टाळ्या वाजवल्यात. या आरोळीची आम्ही ग्रुपवर स्पर्धा घेतलीय, आणि मी जिंकलोय.

तो 'बूरी' म्हणत नाही. तोंडात चिखल जातोय म्हणून मधलं अक्षर ऐकू येत नाही.

२० एप्रिल
बुधरीबाई घरी आल्या. उंबऱ्याबाहेरच बसल्या. म्हणाल्या, "सर, तो आवाज माह्या मानसाचा आहे. मले बलावून राह्यला तो. एक डाव आयकवा ना."
मी म्हणालो, तो मशीनचा आवाज होता, आता पुसून टाकलाय.
"पुसला? काऊन पुसला, सर?"
कॅसेट माझ्यामागे फळीवर होती. खरं बोललो तर पोलीस येतील, ती घेऊन जातील, या भीतीने खोटं बोललो. एवढ्याचसाठी. लिहितानाही मान वर होत नाही.

२३ एप्रिल
ग्रुपवरच्यांनी आरोळीची स्वच्छ प्रत मागितली. देऊ नये हे कळत होतं. भरदुपारी, गाव झोपलेलं असताना, कॅसेटवरून नीट रेकॉर्ड करायला स्पीकर लावून ती पुन्हा पुन्हा वाजवली. बाहेर आलो तर अंगणात मोहफुलांची टोपली कलंडलेली. टोपली बुधरीबाईंची. त्या नव्हत्या.

२४ एप्रिल
बोडीच्या काठावर त्यांच्या चपला सापडल्या. पाऊलखुणा चिखलात जातात. परत येत नाहीत.
सगळ्यांबरोबर मीही बांबूने चिखल चाचपला. लोक म्हणाले, नवीन साहेब असून किती राबला. मला पाणी आणून दिलं. मी प्यालो. स्पीकरचं कुणाला सांगितलं नाही.

२६ एप्रिल
दुपारी बोडीकडून आरोळी. भाऊ रागावून आले, फोन बंद करा म्हणाले. फोन बंदच होता. त्यांच्या हातात दिला. ते बायकोला घेऊन मेव्हण्याच्या गावी गेले.
पोस्टर फाडलं. पंजा, मुखवटा जाळला. कॅसेट —
कॅसेट नाही जाळली.

२७ एप्रिल
उन्हात अंगण तडकलंय, पण फाटकापासून ओट्यापर्यंत ओला चिखल. धुतला. पुन्हा आला.
पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगणार होतो. चप्पल घातली. काढली.

२८ एप्रिल, दुपार
ओट्यावर बुधरीबाई बसल्यात. लख्ख ऊन आहे, मला नीट दिसतंय. केसांतून, तोंडातून चिखल ओघळतोय. रागावल्या नाहीत. आवाज तसाच, गोळ्या मागायच्या तसा —
"सर, तिथी नाई तो. लई खाली जाऊन पायलं. तुमी कुठी ठेवलं त्याले?"

फळी माझ्या पाठीशी आहे. हात मागे नेला तर कॅसेट बोटांना लागेल. द्यायची, बस. एवढंच —

मी म्हणालो, माझ्याकडे नाही.

आत्तासुद्धा. आत्तासुद्धा मी —

त्या उठल्या. उंबरा —