दसऱ्यानंतरचं पाणी

दोहा, शुक्रवार

प्रिय वल्लरी,

फोनवर हे सांगायला जमत नाही, म्हणून हा कागद. सासऱ्याचं अक्षर लागलं नाही तर खुशाल वैताग, पण शेवटपर्यंत वाच. परवा तू नीताला, तुझ्या सासूला, सांगितलंस, गंधारच्या वर्षश्राद्धाला नाशिकला येणार नाही. म्हणालीस, शेवटच्या दिवशीही ज्या नवऱ्यानं माझं ऐकलं नाही, त्याच्यासाठी आता रडायचं नाही. तेव्हापासून नीता धड जेवलेली नाही.

वर्षभर मी गंधारला नेणाऱ्या तुमच्या त्या स्पेनमधल्या नदीबद्दलच वाचतोय. बावीस वर्षं इथे रास लफानच्या गॅस कारखान्यात पंप सांभाळले, कतारात नदी नाहीच. त्यामुळे नदी म्हटलं की माझ्या डोक्यात आपली गोदा. श्रावणात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागायचं, दसरा झाला की निवायची. तुमची नदी उलट्या चालीची. डोंगरात उगम, तिथून समुद्र जेमतेम पन्नास किलोमीटर, सगळा तीव्र उतार. उन्हाळाभर नुसते गोटे आणि कण्हेर, लोक पात्रातून गाड्या नेतात. पाऊस येतो ऑक्टोबरात, समुद्र तापलेला असताना, आणि तोही वर डोंगरात. खाली गावात लख्ख ऊन, आणि तासाभरात पात्रात दोन पुरुष पाणी. मग हिवाळाभर जराशी वाहते, मे उजाडला की खलास. शाळेत हे सगळं होतं गं. भूमध्य सागरी हवामान, कोरडा उन्हाळा, हिवाळी पाऊस. मी पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते.

त्या सकाळी तू त्याला लांबच्या पुलावरून जायला सांगितलंस. तो पुलाकडेच निघाला होता, वल्लरी. वाटेत त्यानं मला फोन केला. मी कामावर, चहाच्या सुट्टीत. म्हणाला, उशीर होतोय, पण वल्लरी म्हणते डोंगरात ढग आहेत. मी हसलो. म्हटलं, अरे, दसरा होऊन आठ दिवस झाले, आता कुठलं पाणी येतंय? बायकोला काय घाबरतोस, घाल गाडी पात्रात. आणि त्यानं बापाचं ऐकलं. नंतर तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, त्यानं सहज फोन केला होता. खोटं बोललो. आज सकाळी नीताला खरं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. पोरी, त्याच्यावरचा राग सोड, तो माझ्या वाट्याचा आहे. श्राद्धाला ये. माझं तोंड बघवणार नसेल तर मी इथेच थांबेन.

तुझाच,
बाबा