करकोच्याचा बंदोबस्त

९ सप्टेंबर
कारखान्यात विमानाच्या सांगाड्याच्या तपासनिसाची जागा निघाली. डिसेंबरात परीक्षा. पत्रे जोडायच्या रिव्हेटच्या कोठारात माझी हयात गेली, तेव्हा जागा माझीच. तरी लोकांची तोंडं बंद राहावीत म्हणून ‘विमानाचा सांगाडा आणि धातूंची ताकद’ हा ऑनलाइन कोर्स लावला. रंगखात्यातल्या ओविदिऊनेही लावलाय. कँटीनमध्ये म्हणाला, निकूकाका, मिळून अभ्यास करू या की! एवढी माया कशासाठी?

१४ सप्टेंबर
पहिलं लेक्चर झालं. दुप्पट स्पीडवर पाहिलं, वेळ वाचतो. सगळं कळलं. प्राध्यापक सूत्र पुसण्याआधी खोकतात. काहीतरी लपवताहेत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

२२ सप्टेंबर
ऐन सूत्राच्या वेळी व्हियोरिकाची हाक, सूप निवतंय म्हणून. कालही तसंच. बायको माझी, पण हाक मारायची वेळ नक्की कोण ठरवतं? सूप बरं होतं. लेक्चर राहिलं. उद्या दोन पाहणार.

२३ सप्टेंबर
मेहुण्याकडे द्राक्षं काढायला. आता उद्या तीन लेक्चरं.

५ ऑक्टोबर
कोर्सच्या चर्चेच्या पानावर पहिलं उत्तर टाकलं. उडताना पंख स्वतःच्या वजनाने खाली वाकतो, म्हणून वरचा पत्रा ताणला जातो. ठणठणीत उत्तर. तर ‘करकोचा’ नावाचं कुणीतरी लगेच खाली हजर. म्हणे, विमान जमिनीवर उभं असेल तर बरोबर. उडताना हवा पंखाला वर उचलते आणि वरच्या पत्र्यावर दाब येतो. रिकामा डबा उभा दाबून बघा, कसा चेपतो.
ना नाव, ना फोटो.
डबा दाबला. चेपला. त्याने काही सिद्ध होत नाही.

१२ ऑक्टोबर
करकोच्याचा खासगी निरोप: ‘लेक्चरं साध्या स्पीडवर पाहिलीत तर जास्त कळेल.’
मी दुप्पट स्पीडवर पाहतो हे याला कसं ठाऊक? घरात फक्त व्हियोरिकाला ठाऊक आहे. आणि ती हल्ली बाल्कनीत फोनवर हळू आवाजात बोलते. मी गेलो की गप्प. विचारलं तर म्हणे, हॅम्बुर्गला इलिंकाशी बोलत होते. असेल. पोटच्या मुलीला आईसाठी वेळ आहे, बापासाठी नाही. ती तिकडे विमानाच्या कारखान्यात निघाली तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की विमानं बांधणं हे बायकांचं काम नव्हे. त्यात रुसण्यासारखं काय होतं?

२७ ऑक्टोबर
सापळा लावला. कँटीनमध्ये ओविदिऊला मुद्दाम चुकीचं सांगितलं की वाकलेल्या तुळईच्या जाडीच्या ऐन मध्यात ताण सगळ्यात जास्त. मग तोच प्रश्न चर्चेच्या पानावर टाकला. करकोच्याने तेच लिहिलं की सापडला!
त्याने लिहिलं, मधल्या रेषेवर ताणही नाही, दाबही नाही, तिथे शून्य. म्हणजे ओविदिऊ मुद्दाम उलटं लिहितोय. समजलो होतो त्यापेक्षा पोहोचलेला निघाला.

८ नोव्हेंबर
कोर्सवाल्यांकडे लेखी तक्रार केली. करकोचा हा परीक्षेतला प्रतिस्पर्धी असून पाळत ठेवतो. दुपारी ओविदिऊला सगळ्यांसमोर सुनावलं. त्याने हातातला घास परत डब्यात ठेवला. म्हणाला, अहो काका, मी कोर्स कधीच सोडला, घरी जुळी झालीत, डोळा लागला तरी पुष्कळ.
सबब बिनतोड आहे. तयारी करूनच आला होता.

१४ नोव्हेंबर
करकोच्याला काढलं! जाताना निरोप ठेवून गेला: ‘त्रास झाला असेल तर माफ करा. पातळ पत्रा दाबाखाली का चेपतो, ते लेक्चर मात्र चुकवू नका.’
नेमकं तेच चुकवणार. आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली फोडली. आता रस्ता मोकळा.

६ डिसेंबर
आज संत निकोलायचा सण, त्याच्यावरून माझं नाव, म्हणजे माझा नामदिन आणि परीक्षाही. शुभशकुन. पहिलाच प्रश्न: पातळ पत्रा दाबाखाली का चेपतो? मी उत्तर लिहिलं: ‘हा प्रश्न कुणाच्या सांगण्यावरून घातला, याची आधी चौकशी व्हावी.’ पुढचे प्रश्नही त्याच वळणाचे होते.

११ डिसेंबर
निकाल. इंजिनिअर ग्रोझाबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, निकू, रिव्हेटच्या कोठारात तुमच्यासारखा माणूस नाही. एवढ्यावर मी समजलो.
घरी व्हियोरिकाला म्हटलं, करकोच्याने घात केला. ती भांडी तशीच टाकून समोर येऊन बसली. म्हणाली, करकोचा म्हणजे आपली इलिंका रे. कामावरून दमून यायची आणि आधी तुझी उत्तरं वाचायची. तू कुठे अडलास ते मला विचारायची. स्वतःच्या नावाने लिहिलं असतं तर वाचलं असतंस?
मी म्हटलं, मला पहिल्यापासून शंका होतीच.
शंका तर तुला सगळ्यांचीच होती, म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

१३ डिसेंबर
इलिंकाला फोन केला. नाव लपवून बापाशी बोलणं शोभतं का, असं विचारायचं पक्कं ठरवलं होतं. ती ‘बाबा?’ म्हणाली आणि ते राहूनच गेलं. ओविदिऊच्या जुळ्यांचं सांगत बसलो. मग तिनेच विचारलं, बाबा, खरं सांगा, कुठपर्यंत कळलं होतं?
मी म्हटलं, पहिलं लेक्चर.
त्यातलं काय?
खूप आठवून पाहिलं. म्हटलं, प्राध्यापकांचं नाव.
काय ते?
सांगितलं. तेही चुकलं.