रोज चाळीसने उतरणारं मशीन

२ मार्च, सकाळ
कपाळावर टेंगूळ. परवा बायको बहिणीकडे गेली होती, तेव्हा तिचं शिलाई मशीन कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात हजाराला विकलं. दुपारभर खडखड चालायची. माझ्या छातीत धडधडतं. शांत माणसाने सोसायचं तरी किती? काल ही परतली, रिकामी जागा पाहिली आणि इस्त्री फेकली. कपाळाला चाटून आरशावर गेली. म्हणाली, मशीन जागेवर येईपर्यंत तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही.

दुपार. घरात इतकी शांतता की झोपच येत नाही.

३ मार्च
मशीन परत आणायचं ठरवलं. हजार डब्यात तसेच आहेत. पण दुकानदाराने परवा २४०० ची पाटी लावली! दरोडेखोर म्हटलं त्याला. त्याने माझी कॉलर धरून सांगितलं, की त्याच्या दुकानात वस्तू खपेपर्यंत रोज चाळीस कमी होतात. पटत असेल तर थांबा, आजोबा.

मुलीचं जुनं गणिताचं पुस्तक काढलं. माझी शाळा सातवीत सुटली, पण डोकं शाबूत आहे. रेषीय समीकरण. किंमत = २४०० − ४० × दिवस. पस्तिसाव्या दिवशी, ५ एप्रिलला, बरोब्बर हजार. तोवर कुणी घेऊ नये म्हणून पहारा. छत्री जवळ असू द्यावी.

२१ मार्च
१६००. आलेख रेषेवर. आज बाजारातल्या शिंप्याने मशीनचं चाक फिरवून पाहिलं. मी शांतपणे छत्रीचं टोक त्याच्या बरगडीत घातलं. त्याने शांतपणे माझा पुढचा दात पाडला. मग मी त्याचा कान चावला. दात नसल्यामुळे नीट जमलं नाही. पण गेला.

ही बोलली नाही. गरम मिठाचं पाणी मात्र टेबलावर आदळलं.

५ एप्रिल
हजार! डबा घेऊन निघालो. चप्पल घालताना विचार आला: पुस्तकात रेषेच्या दोन्ही टोकांना बाण आहेत. म्हणजे ती थांबत नाही. ३० एप्रिलला किंमत शून्य. १० मेला दुकानदारच मला चारशे देईल. मग आज हजार देणारा मी मूर्ख का?

डबा परत ठेवला. हिने दारातून पाहिलं.

१२ एप्रिल
७२०. स्वस्त झालं तशी गिऱ्हाइकं वाढली. पहाऱ्याचा ताण फार. एका जाड्याच्या पायावर मशीनशेजारचं वजन पाडलं. त्याच्या भावाने मला ड्रममध्ये उलटा घातला. दुकानदार म्हणतो, पुन्हा दिसलात तर हाडं मोडीन. शून्यानंतर तो असं बोलणार नाही.

१८ एप्रिल
४८०. कपाटाआडून पहारा. डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई पाठमोरी, मशीनवर हात ठेवून पैसे मोजत होती. छत्री दोन्ही हातांनी उचलली. मनगटावर बसली. कडकन आवाज आला.

बाई वळली. ही.

दुकानदाराने माझी दोन हाडं मोडली, दोन्ही बरगड्यांची. वरचेवर हळहळत होता: बिचारीने महिनाभर लोकांचे कपडे हाताने शिवून पैसे जमवलेत, आजोबा.

१९ एप्रिल
मशीन जागेवर. हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, सहा आठवडे. आणि ही बोलली. एकोणपन्नास दिवसांनी. अगदी हळू आवाजात.

"अहो, शेजारणीचे बारा अभ्रे द्यायचेत. बसा मशीनवर. मी सांगते तसं शिवायचं."

२१ एप्रिल
सुई काल अंगठ्यातून गेली. आज शेजारच्या बोटातून. ही मागे खुर्चीवर बसून सकाळपासून बोलते आहे. खडखडीत धड ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगते.

बोटं दहा. रोज एक कमी. समीकरण मांडायला घेतलं होतं. पुस्तक मिटून माळ्यावर टाकलं.