गुटगुटीत

४ फेब्रुवारी

साखर! मला! माहेरी कुणाला नाही, कधी नव्हती. ते गोडमिट्ट पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, तेव्हाच नर्सचा चेहरा पाहून ओळखायला हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात होते काहींना. खाण्यावर लक्ष ठेवू. नाहीच जमलं तर इन्सुलिन."

घरी सांगितलं. नवऱ्यानं रिपोर्ट दोनदा वाचला. सासूबाई मात्र लगेच, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं. दोन जिवांची बाई, तिनं पोटभर खायचं की सुया टोचून घ्यायच्या?"



९ फेब्रुवारी

दिवसभर मी दुसऱ्यांचे दात घडवते आणि माझ्याच तोंडाला कुलूप! जेवणानंतर प्लास्टर खरवडून हात धुतले, बोट टोचून यंत्रावर साखर बघितली— १६८. आणि भात अर्धाच खाल्ला होता. आमच्या लॅबचे मालक, कवळीमास्तर म्हणतो आम्ही त्यांना, म्हणाले, "बाई, तुम्ही दात बनवायचे, चालवायचे नाहीत!" सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

१० फेब्रुवारी

सकाळी उपाशीपोटी ११२. काल रात्री असं काय खाल्लं होतं मी? काकडी!

१७ फेब्रुवारी

इन्सुलिन सुरू. "मी देतो टोचून," नवरा म्हणाला खरा, पण सुई जवळ आणली की डोळेच मिटायचा. शेवटी त्याला बाहेर पाठवलं आणि माझं मीच टोचलं. दुखलं नाही फारसं. पोटाला सुई लावताना आत बाळ हललं, तेव्हा मात्र कसंतरीच झालं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. थेरं वगैरे काही नाही. "बाळाला लागत नाही ना गं ते?" एवढंच.

२४ फेब्रुवारी

ह्याला सुट्टी नाही, म्हणून दवाखान्यात सासूबाई आल्या सोबत. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं पोट जरा मोठं दिसतंय, साखर अजून खाली आणायला हवी.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "मोठं म्हणजे चांगलंच ना? गुटगुटीत?"

"दिसायला गुटगुटीत असतं हो आजी. पण आईची साखर फार वाढली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर शेवटच्या दिवसांत कधी कधी बाळ पोटातच जातं. म्हणून तर एवढी काळजी."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. का उठल्या, त्यांनाही कळलं नसावं. परत बसल्या.

बसनं परतलो. आपला थांबा आला तरी उठेनात. मी दंडाला धरून उतरवलं.

२५ फेब्रुवारी

कसं लिहू? ह्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. मेलेला. पूर्ण दिवसांचा. अडतीस वर्षं झाली.

भाजी निवडता निवडता सांगितलं, वर न बघता. "एवढं मोठं बाळ! सुईण म्हणाली, असं गुटगुटीत पोर पाहिलं नव्हतं. गाल असे... नुसता झोपलाय असं वाटायचं." आदल्या आठवड्यात त्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरची ट्रंक काढली होती. झालं! ट्रंक काढली म्हणून पोर गेलं, असं सासरे म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या. पुढं सगळेच म्हणायला लागले. "मलाही तसंच वाटत आलं गं."



२६ फेब्रुवारी

ह्याला सांगितलं. त्याला माहीतच नव्हतं! पलंगाच्या काठावर बसला. मग म्हणाला, "बाबा तिला ट्रंकवाली म्हणायचे. मला वाटायचं, लाडानं चिडवतायत. लहानपणी मीही म्हणायचो— ए ट्रंकवाली, भूक लागली."



२ मार्च

सासूबाई म्हणाल्या, "बघू, किती दुखतं तुला." बोट पुढं केलं. मी हसत हसत टोचलं.

२८७.

मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरं बोट— २९१. ह्यानं त्याच दिवशी त्यांना तपासून आणलं. "बरीच वर्षं असणार," म्हणाले ते डॉक्टर. आता सकाळी गोळी त्याही घेतात. जेवायला आम्ही दोघी समोरासमोर, ताटात सारखंच. त्या म्हणतात, "दोन कैदी."

९ मार्च

डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतःच विचारलं. ट्रंक, स्टूल, बाळाचे गाल, सगळं सांगितलं. बाहेर रांग होती, पण बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "इतक्या वर्षांपूर्वीचं खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून साखरच असावी. ट्रंक काढल्यानं असं होत नाही. तुमची काही चूक नव्हती."

सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, सावकाश.

घरी आल्यावर मला वाटलं, आता त्यांना हलकं वाटेल. कसलं काय! सासऱ्यांच्या खुर्चीकडं बघत बसल्या. "मरेपर्यंत त्यांच्या मनात तेच होतं गं. सेवा करून घेतली, पण त्या बाळाचा विषय निघाला की तोंड फिरवायचे. आता मी कुणाला सांगू?"

 जवळ जाऊन बसले नुसती.

१५ मार्च

आत्याबाई आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. आत्याबाईंनी चहा संपवला, बशीत कप ठेवला. "जाऊ दे वहिनी. आता उकरून काय मिळणार?"

"तुमचं काय गेलं होतं?"

एवढा चढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. आत्याबाई उठून गेल्या. जाताना चप्पल घालायला फार वेळ लागला त्यांना.  

३ एप्रिल

उपाशीपोटी ९१! बाळाचं पोटही आता मापात आहे म्हणे.

२० एप्रिल

कामावर दुपारी लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललंच नाही. पाणी प्यायले, कुशीवर पडले. काही नाही. कवळीमास्तरांनी घरी फोन केला आणि स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सासूबाई तिथं माझ्या आधी पोहोचल्या होत्या— पायांत दोन वेगवेगळ्या चपला! बाळाचे ठोके ऐकायला पोटाला पट्टा बांधला. नर्स कुठं कुठं शोधत होती. सासूबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या.

मग ठोके आले. घोडा धावल्यासारखे. सासूबाई काही वळल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार वाट बघायची नाही, पुढच्या आठवड्यात कळा सुरू करू. मी हो म्हटलं. भीती वाटते. मलाही तिथं भिंतच बघत राहावंसं वाटत होतं.

३० एप्रिल

काल सकाळी मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. तिची साखर जरा उतरली होती, दूध पाजल्यावर वर आली. दोघी ठीक आहोत.

आत ती पहिल्यांदा रडली, तेव्हा बाहेर सासूबाई मोठ्यानं रडायला लागल्या. थांबेचनात. नर्स धावत गेली, "अहो आजी, सगळं छान आहे, नात झाली तुम्हाला!"

हा सांगत होता, नर्सला म्हणाल्या, "कळलं गं. हिच्यासाठी नाही रडत मी."