न विरघळलेली गोळी

दिग्रस,
रविवार

प्रिय रंजिता,

फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिते आहे, असं लिहिणार होते. पण मी फोन केलाच नाही. तीन महिने तुझा नंबर काढते आणि मोबाइल पालथा ठेवते. तू निलंबित झाल्याचं मला कारखान्याच्या नावाने आलेल्या सरकारी कागदावरून कळलं.

मी सध्या घरीच आहे. आमचा औषधांचा कारखाना दिवाळीपासून बंद आहे. अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान चालू आहे, पण त्यांचा हात थरथरतो, म्हणून तांब्याची तार मीच गुंडाळून देते. फार्मसीची पदवी घेऊन मी शेवटी त्यांच्या स्टुलावर बसले, याचं त्यांना वाईट वाटतं. मला नाही वाटत. मोटर बंद पडली की निदान बंद पडलेली दिसते तरी. तुझी आई, तुझी याडी, कशी आहे? तिला माझा सलाम सांग. हे पत्र वाचून झाल्यावर सांगावंसं वाटलं तरच सांग.

नागपूरचं ते प्रशिक्षण आठवतं? तू औषध निरीक्षक होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि मी आमच्या कारखान्यातली एकटी तपासणी केमिस्ट. खात्याची माणसं आणि आमच्यासारख्या लहान कारखान्यांची माणसं पाच दिवस एकाच बाकावर. गोळीत औषध असून भागत नाही, ती पोटात विरघळायला हवी, हे आपण कॉलेजात पाठ केलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते तिथेच. सहा काचेची भांडी, सदतीस अंशाचं पाणी, आत फिरणारे सहा दांडे. परतीच्या एसटीत तू म्हणालीस, “नाजे, तू कारखान्याच्या आत, मी बाहेर. खराब गोळी जाईन तरी कुठून?” नेरपर्यंत आपण दोघी हसत होतो.

मी आल्या आल्या कारखान्याच्या मालकाच्या, शेठच्या मागे लागले आणि त्याने गोळी विरघळते का ते पाहायचं तसं मशीन घेतलंही. तुला तेव्हा फोन करून सांगितलं होतं. चार महिन्यांनी मोटर जळली, पाणी तापवणारा हीटर गेला, हे मात्र सांगितलं नाही. कंपनीचा माणूस दुरुस्तीला येईना, शेठ बोलवीना. गरोदर बायांच्या लोहाच्या गोळ्यांचं सरकारी काम नुकतंच मिळालं होतं. तेवढ्यात तुझ्या तपासणीचं पत्र आलं. शेठ मला म्हणाला, “मॅडम आहेत तोवर फिरली पाहिजे, बस.” मी मोटर पिशवीत घालून दिग्रसला आणली. अब्बांनी ती कशीबशी जागी केली आणि बजावलं की ही अर्ध्या तासाच्या वर टिकणार नाही.

तू आलीस त्या सकाळी मी कँटीनमधून गरम पाणी आणून भांड्यांत ओतलं होतं. तू थर्मामीटर पाहिलास. सदतीस. दांडे फिरत होते. तू माझ्याकडे पाहून अशी हसलीस, जणू ते मशीन आपण दोघींनीच जन्माला घातलं होतं. चाचणी पंचेचाळीस मिनिटांची. तू थांबली असतीस तर तुझ्यासमोरच मोटरीतून धूर निघाला असता. पण पुसदला कोर्टाची तारीख होती, एवढ्या मोठ्या भागाला तू एकटी निरीक्षक, आणि समोर मी होते. माझ्यावर विश्वास ठेवून तू ‘यंत्र चालू स्थितीत’ असं लिहिलंस आणि गेलीस. तुझी जीप फाटकाबाहेर पडल्यावर काही मिनिटांतच मोटर बसली.

त्यानंतर प्रत्येक खेपेचे आकडे मी चाचणी न करताच लिहिले. सत्याऐंशी टक्के, एकोणनव्वद, पंच्याऐंशी. एकसारखे दिसू नयेत म्हणून थोडे बदलायचे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. गोळीवरचं लाल आवरण जाड बसत होतं, हे मला हाताला कळत होतं.

महागावकडच्या तांड्यावर गोळ्या वाटणारी आशाताई जमनी तुझ्याकडे जायच्या आधी माझ्याकडे कारखान्यात आली होती. पाकिटावरचा पत्ता शोधत, दोन बस बदलून. ती म्हणाली, “मॅडम, बाया म्हंतात गोळी जशीच्या तशी बाहेर निंगते. मंग खायले कायले लावता?” मी तिला पाणी दिलं, भरपूर पाण्यासोबत गोळी घ्यायला सांगितलं आणि वाटेला लावलं. मग ती तुझ्याकडे आली. तू त्याच दिवशी नमुने घेतलेस. प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग आणि माणसं चार. अहवाल यायला नऊ महिने लागले. गोळी नापास ठरली तेव्हा ती सगळी खेप खाऊन संपली होती. मधल्या काळात त्याच तांड्यावरची शीला, तेवीस वर्षांची, बाळंतपणात रक्त जाऊन आर्णीच्या अलीकडे गाडीतच गेली. तिने एकही गोळी चुकवली नव्हती. रिकामी पाकिटं तिने जपून ठेवली होती, ती जमनीने तुझ्या टेबलावर मांडली, असं ऐकलं. गोळीमुळेच गेली, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. गोळीमुळे नाही गेली, हे मी स्वतःला सांगू शकत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. चौकशी समितीने मला नोव्हेंबरात बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, तपासणीच्या दिवशी मशीन चालू होतं का? मी ‘हो’ म्हणाले. निरीक्षकांनी पूर्ण चाचणी पाहिली का? मी ‘नाही’ म्हणाले. दोन्ही उत्तरं खरी होती. खाली सही केली आणि त्या सहीवर तू निलंबित झालीस. शेठच्या वकिलाने मला तेवढंच बोलायला सांगितलं होतं. जास्त बोललीस तर अब्बांचं नाव येईल, म्हणाला. काल मी अब्बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “लिख दे, बेटा. मेरा नाम भी लिख.” म्हणून हे पत्र. तुझी सुनावणी बावीस तारखेला आहे, तेव्हा ते समितीसमोर ठेव. त्याने फार काही होईल असं मला वाटत नाही. शेठने मेहुण्याच्या नावाने नव्या परवान्याचा अर्ज केला आहे. तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. शीलाची मुलगी वाचली, हे तुला ठाऊक असेलच. जमनीचा परवा फोन आला होता. पोरीच्या अंगात रक्त कमी म्हणून तिला लोहाचे थेंब सुरू केलेत, आणि बाटलीचा फोटो पाठवून ती मला विचारत होती, “मॅडम, हे तरी चांगलं आहे ना?”

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क न उरलेली,
नाजिया